घोड्यावरचा पंच

पनवेलसारख्या गावी राहणाऱ्या आम्हा मंडळींस घोडा ठाऊक, तो पूर्वीच्या टांग्याचा किंवा जवळच्या माथेरानच्या डोंगरावरील. पोलोचा घोडा आम्ही पाहिला तो मुंबईस, महालक्ष्मीच्या मैदानावर. तेथे खेळाडूंपेक्षाही आमचे लक्ष वेधून घेतले ते दोघा पंचांनी. क्रिकेटचा पंच उभ्या जागेवरून निवाडा देतो. पोलोचे पंच मात्र स्वतः घोड्यावर बसून खेळामागे दौडत असतात. त्यांच्यात मतभेद झालाच, तर मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्याचा शब्द अखेरचा मानतात.

हे काम सोपे नव्हे. सुमारे ३०० यार्ड लांबीच्या मैदानात दोन्ही पक्षांचे मिळून आठ घोडे भरधाव सुटलेले असतात. चेंडू ज्या रेषेने जातो, ती रेषा हाच या खेळाचा रस्ता. त्या रस्त्यावर ज्याचा हक्क आधी, त्याच्यापुढे धोका होईल असा आडवा घोडा घालणे हा मोठा अपराध होय. कारण त्यात केवळ जयापजयाचा नव्हे, तर माणसाच्या व मुक्या जनावराच्या प्राणांचा प्रश्न असतो. तो अपराध क्षणार्धात ओळखावयाचा, तर आडवे घुसण्याचा मोह स्वतः अनुभवलेला असावा लागतो. म्हणूनच जुना खेळाडू या कामी विशेष उपयोगी पडतो.

परंतु जाणतेपणाबरोबर भीडही येते. लहान सामन्यांत खेळाडूच एकमेकांचे पंच होतात. आज ज्यास दंड द्यावा, तोच उद्या आपला पंच! यास्तव इंग्लंड-अमेरिकेत वेतन घेऊन हेच काम करणारे पंच नेमण्याची प्रथा पडली. खेळात वेतन म्हटले की आपल्यातील कित्येक सभ्य मंडळी नाके मुरडतात. आम्हांस मात्र ते वेतन म्हणजे निःस्पृहतेचे कवचच वाटते.

तथापि वेतनाने सारेच भरून येत नाही. खेळाडूस टाळ्या मिळतात. पंचाची आठवण निघते ती बहुधा तो चुकल्यावरच. आपले वेंकटराघवन १९६५ ते १९८३ या काळात ५७ कसोटी सामने खेळले आणि पुढे १९९३ ते २००४ पर्यंत ७३ कसोटींत पंच म्हणून उभे राहिले. खेळाडू म्हणून जितके सामने, त्याहून अधिक सामने त्यांनी टाळ्यांची अपेक्षा न धरता काढले!

आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. घरोघरी भावाभावांच्या तंट्यांत वडील माणसांना हेच पंचपद मिळते. एकेकाळी तीही याच मैदानात खेळलेली असतात. म्हणून त्यांना सारे दिसते, आणि म्हणूनच आपल्या लाडक्याच्या बाजूने खेळात उतरण्याचा मोहही होतो. त्यांनी पोलोच्या पंचाकडे पाहावे. तो खेळाडूंच्या बरोबरीने घोडा दौडवितो, त्यांच्याइतकीच धूळ खातो. परंतु चेंडूस काठी लावीत नाही.