कोलिऊरहून घरी

कोलिऊर, फ्रान्स
सोमवार, रात्री

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पेरपिन्याँहून सुटणारी लोकल अर्ध्या तासाच्या आत इथे आणून सोडते. पिरेनीज पर्वत भूमध्य समुद्रात उतरतो, त्या उताराच्या पायथ्याशी हे गाव वसलं आहे. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास, आणि स्पेनची हद्द इथून तासाभराच्या आतच लागते. माणसं फ्रेंच बोलतात, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून कातालान ऐकू येते. त्याचं कारण इतिहासात आहे. हा रूसियाँ प्रांत 1659 च्या पिरेनीजच्या तहाने फ्रान्सकडे आला. त्याआधी तो स्पेनच्या राजांकडे आणि त्याही आधी मायोर्काच्या राजांकडे होता.

त्या राजांचा किल्ला गावाच्या मधोमध आहे. त्याचा पाया थेट पाण्यात, आणि दोन बाजूंना दोन पुळणी. पूर्वी इथे टेम्पलर योद्ध्यांची गढी होती. पेरपिन्याँ ही मायोर्काच्या राज्याची राजधानी झाली, तेव्हा राजघराण्याने तिचं समुद्रकाठच्या निवासस्थानात रूपांतर केलं. पुढे सोळाव्या शतकात तोफा आल्या, आणि पाचव्या चार्ल्सने तट जाड करून घेतले. 1642 मध्ये फ्रेंचांनी वेढा घालून गाव जिंकलं. त्यानंतर चौदाव्या लुईचा दुर्गतज्ज्ञ व्होबाँ याच्या योजनेनुसार किल्ल्याभोवती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी जागा करण्यात आली. त्यासाठी तिथली जुनी वस्ती जुन्या चर्चसकट पाडली. आज त्या मोकळ्या जागेवरून चालताना वारा छान लागतो, पण आपल्या पायांखाली कुणाची तरी घरं होती, हे मला विसरता आलं नाही.

पाडलेल्या चर्चच्या बदल्यात गावकऱ्यांना नवं मिळालं ते बंदराच्या टोकाला. 1684 ते 1691 या काळात बांधलेल्या या चर्चचा घंटाघराचा मनोरा मात्र त्याहून कितीतरी जुना. पूर्वी तो बंदराचा दीपस्तंभ होता, आणि त्यावरचा गुलाबी घुमट एकोणिसाव्या शतकातला. लाटा अक्षरशः भिंतीला लागतात. बाहेरून साधं दिसणारं हे चर्च आत शिरल्यावर काळोखात सोन्याने उजळलेलं दिसतं. लाकडात कोरून सोन्याचा मुलामा दिलेल्या नऊ वेदिका आत आहेत. मुख्य वेदिका जोसेप सुन्येर या कातालान शिल्पकाराच्या हातची. डोळे अंधाराला सरावले की एकेक देवदूत, एकेक वेलबुट्टी पुढे येते. तिथे घाई करायची नाही, बसून राहायचं.

तुमची लेक


मंगळवार, संध्याकाळ

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आजचं पत्र खास तुमच्यासाठी. तुम्ही चित्रकलेच्या तासाला मुलांना सांगायचात, की सावली काळी नसते, नीट बघा. ते इथे दोन माणसांनी जगाला दाखवलं.

1905 च्या मे महिन्यात ऑन्री मातिस या गावात राहायला आला. वय पस्तीस, नाव झालेलं नव्हतं आणि पैशांची चणचण होती. जुलैत त्याने आंद्रे देरँ या तरुण मित्राला बोलावून घेतलं. त्या एका उन्हाळ्यात दोघांनी समोर जे दिसत होतं तेच रंगवलं: होड्या, शिडं, छपरं, टेकड्या, खिडकीतून दिसणारं बंदर. पण रंग निवडले ते वस्तूचे नव्हेत, प्रकाशाने मनात उठवलेले. पाणी गुलाबी, पुळण लाल, झाडं निळी. छटा मिसळून मऊ करण्याऐवजी ट्यूबमधला शुद्ध रंग शेजारी शेजारी ठेवला आणि मधला कॅनव्हास पांढराच सोडला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत पॅरिसच्या सालोन दोतोन या प्रदर्शनात मातिस, देरँ आणि त्यांच्या मित्रांची चित्रं एका दालनात लागली, तेव्हा लुई व्होसेल या समीक्षकाने त्यांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी श्वापदं म्हटलं. तेच नाव पुढे संप्रदायाला चिकटलं: फोव्हिझम. विसाव्या शतकाच्या चित्रकलेतलं पहिलं मोठं बंड या मासेमारांच्या गावात शिजलं.

ती चित्रं आज जगभर विखुरली आहेत. मातिसची ‘उघडी खिडकी’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पण गावाने एक सुंदर गोष्ट केली आहे. जिथे उभं राहून चित्र रंगवलं गेलं, नेमक्या त्या जागी त्याची प्रतिकृती लावली आहे. अशा सुमारे वीस प्रतिकृती घाटावर, पुळणीवर आणि गल्ल्यांमध्ये आहेत. आपण चित्र बघायचं, मान वर करायची आणि तोच मनोरा, तीच टेकडी समोर बघायची. दुपारच्या उन्हात मी देरँच्या एका चित्रापुढे उभी राहिले आणि समोरच्या सावल्या खरोखर जांभळ्या दिसल्या. बाबा, तुमचे विद्यार्थी इथे असायला हवे होते. छापील पुस्तकातून हे शिकवता येत नाही.

मुरे नावाच्या जुन्या कोळीवाड्यातही फिरले. चढाच्या अरुंद गल्ल्या, गेरू, पिवळ्या आणि गुलाबी रंगांची घरं, दारात कुंड्या. आता तिथे चित्रकारांची दुकानं जास्त आहेत, पण दोरीवर वाळत घातलेले कपडेही आहेत. गाव अजून राहतं आहे, हे बघून बरं वाटलं.

तुमची लेक


बुधवार

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुला मासळीची गोष्ट सांगते. हे गाव शतकानुशतकं जगलं ते अँचोव्हीवर. मासा बोटभर लांबीचा, आपल्या मांदेलीच्याच कुळातला. पूर्वी तिरक्या काठीवर त्रिकोणी शीड लावलेल्या कातालान होड्या तो आणत. नंतरच्या काळात रात्री होडीवर दिवा लावून माशांना वर बोलवायची रीत आली. किनाऱ्यावर बायका मुंडकं आणि आतडी एका झटक्यात हाताने काढत. मग पिंपात एक थर मासा, एक थर मीठ, वर दगडाचं वजन, असं काही महिने मुरवायचं. पांढरं मांस हळूहळू तांबूस होतं आणि त्याला असा खमंग वास येतो, की आपल्याकडे पावसाळ्यासाठी राखलेल्या खाऱ्या बांगड्याची बरणी उघडल्यासारखं वाटलं. आज होड्या बंदरात शोभेला बांधल्या आहेत आणि खारवण्याचं काम दोन जुन्या घराण्यांनी टिकवलं आहे. त्यांतल्या रोक घराण्याचा कारखाना 1870 पासूनचा. तिथे आजही बायका काटा हाताने काढून फोडी पसरतात. ते काम मी डोळे भरून पाहिलं. 2004 पासून कोलिऊरच्या अँचोव्हीला युरोपीय भौगोलिक मानांकन आहे.

गावामागच्या टेकड्यांवर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षमळे चढत गेले आहेत. माती जवळजवळ नाहीच, पत्र्यासारखा सुटणारा पाषाण आहे. चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे आणि पावसाचं पाणी बाजूला वळवणारे आखीव पाट, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी उभं केलेलं. चढ एवढा, की यंत्र चालत नाही. सध्या तोडणी चालू आहे, माणसं पाठीवर टोपल्या घेऊन उतरतात. इथल्या वाइनला 1971 पासून गावाचंच नाव आहे. मळ्यांतून वर जाताना चौदाव्या शतकातली पवनचक्की लागते. ती दुरुस्त करून आता तिथे ऑलिव्हचं तेल काढतात. माथ्यावर पाचव्या चार्ल्सने सोळाव्या शतकात बांधलेला ताऱ्याच्या आकाराचा सेंत-एल्म किल्ला. एका बाजूला कोलिऊर, दुसऱ्या बाजूला पोर-व्हाँद्र, आणि समोर नुसता समुद्र. उत्तरेकडून त्रामोंतान वारा सुटला होता. ओढणी सांभाळत उभी राहिले.

तुझी लेक


गुरुवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

निघण्यापूर्वी शेवटचं पत्र. आज गावातल्या जुन्या दफनभूमीत गेले होते. दारातून आत गेलं की लगेच अंतोनिओ माचादो या स्पॅनिश कवीची कबर आहे.

माचादो 1875 मध्ये सेव्हियात जन्मला. ‘काम्पोस दे कास्तिया’ या संग्रहाने स्पेनच्या घराघरांत पोचला, आणि पोटासाठी आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवत राहिला. स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने ठाम उभा होता. 1939 च्या जानेवारीत बार्सेलोना पडलं आणि लाखो माणसं थंडीपावसात फ्रान्सची हद्द ओलांडून आली. त्यांत हा आजारी कवी, त्याची म्हातारी आई, भाऊ आणि भावजय होती. कोलिऊरच्या एका छोट्या हॉटेलने त्यांना ठेवून घेतलं. 22 फेब्रुवारीला माचादो गेला. तीन दिवसांनी आई गेली.

तेव्हा मी सोमवारी लिहिलेल्या त्या राजांच्या किल्ल्यात स्पॅनिश सैनिक अडकवून ठेवले होते. त्यांच्यापैकी काहींनी प्रजासत्ताकाच्या ध्वजात गुंडाळलेली शवपेटी खांद्यावरून नेली. थोड्याच दिवसांत तो किल्ला निर्वासितांसाठी शिक्षेची छावणीच झाला. कवीला पुरायला जागा नव्हती, ती गावातल्या एका बाईने आपल्या घराण्याच्या थडग्यात दिली. 1958 मध्ये देणग्या गोळा करून आजची कबर बांधली, आणि मायलेकरांना तिथे एकत्र ठेवलं.

कबरीशेजारी एक टपालपेटी आहे. स्पेनमधून शाळेची मुलं येतात, नातवंडांचे हात धरून वृद्ध येतात आणि कवीला पत्र लिहून पेटीत टाकतात. ती पत्रं गावातली माचादोच्या नावाची संस्था जपून ठेवते. मीही मराठीत चार ओळी लिहून टाकल्या.

इथे तट बांधणाऱ्या राजांची नावं पाटीवर वाचावी लागतात. पत्र लिहायला लोक येतात ते मात्र हरलेल्या बाजूच्या एका शिक्षकाकडे. या गावातलं सर्वांत मोठं स्थळ कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ही कबर सांगेन. आणि ते मोठेपण जितकं कवीचं, तितकंच परक्याला आपल्या थडग्यात जागा देणाऱ्या त्या बाईचं आहे.

तुम्ही दोघं पुढच्या वर्षी नक्की या. ऑगस्टची गर्दी टाळून सप्टेंबरात या. सकाळी चर्च, उन्हं चढली की चित्रांची वाट, संध्याकाळी मळे, असं बघा. आणि फोटो काढून परत फिरू नका. दफनभूमी स्टेशनाच्या वाटेपासून फार लांब नाही, तिथे जाऊनच गाव सोडा.

तुमची लेक