नगर ते घाटघर : दुचाकीवरची वीज

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा कोणता, हा प्रश्न शाळेत हमखास विचारतात आणि नगरची मुले तरी त्याचे उत्तर चुकत नाहीत. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा पसारा. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण बोलताना तोंडात अजून नगरच येते. पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडचे कोरडे माळ. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे कडे आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई. एका टोकाला बायाबापड्या टँकरची वाट पाहतात, तर दुसऱ्या टोकाला घाटघरात पावसाळ्यात चार चार दिवस सूर्य दिसत नाही. एवढ्या लांबरुंद जिल्ह्यात नोकरी करायची तर दुचाकी हवी, आणि आजच्या काळात दुचाकीइतकाच मोबाईलही हवा.

माझी भाची अकोल्याच्या डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्रावर परिचारिका आहे. वाड्या-पाड्यांवर फिरायला तिच्याकडे वडिलांची जुनी स्प्लेंडर आहे. बाळंतपणाचा निरोप मोबाईलवरच येतो, १०८ ची गाडी मोबाईलवरूनच बोलवावी लागते, नोंदीसुद्धा त्यातच भरायच्या. पावसात तारा तुटल्या की गावची वीज दोन दोन दिवस येत नाही. त्यात डोंगरात रेंज नसली की मोबाईल सारखी ती शोधत राहतो आणि लवकर उतरतो. म्हणून गाडीवरच चार्जिंगची सोय करून द्यायची, असे तिच्या धाकट्या भावाने ठरवले. तो आय.टी.आय. झालेला वायरमन. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या नव्या मोटारसायकलवर मागे बसून मीही निघालो.

दुचाकी आणि नगर यांचे नाते जुने आहे. १९७२ साली फिरोदियांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने याच शहरात ५० सी.सी.ची लुना काढली आणि शिक्षक, पोस्टमन, दूधवाले यांना परवडेल असे वाहन प्रथमच दारात आले. त्या लुनाला बॅटरीच नव्हती. इंजिन फिरे तेव्हा मॅग्नेटोतून दिवा लागे, इंजिन थांबले की अंधार. फेब्रुवारी २०२४ मध्ये किनेटिक ग्रीनने आणलेली विजेवरची लुना मात्र सगळीच बॅटरीवर चालते, आणि मोबाईल लावायची जागा तिला कारखान्यातूनच मिळते. मधल्या काळातल्या आपल्या गाड्यांना ती नंतर बसवून घ्यावी लागते, आणि खरी गफलत होते ती इथेच.

राहुरी, कोल्हार, लोणी या बाजूला ऊसच ऊस. संगमनेर गाठेस्तोवर ऊन चांगलेच तापले. अकोले सोडले की रस्ता प्रवरेच्या सोबतीने चढू लागतो, हवा बदलते, आणि राजूरपासून डांगी गुरे दिसू लागतात. काळी-पांढरी, ठिपक्यांची, तेलकट कातडीची ही जनावरे मुसळधार पावसात उभी राहणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे शेंडी आणि भंडारदऱ्याचे धरण. १९२६ साली पुरे झालेल्या या दगडी भिंतीच्या पाण्यावर खाली प्रवरेच्या काठचा तो सारा ऊस उभा आहे. जिथे पाऊस कोसळतो तिथल्या लोकांना उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावे लागते, हे मात्र मनाला लागते.

भाचीच्या अंगणात स्प्लेंडरची सीट उघडली आणि भाच्याने कपाळाला हात लावला. जवळच्या एका गॅरेजवाल्याने आधीच एक स्वस्त चार्जर लावून दिला होता. वायर थेट बॅटरीच्या टोकाला, फ्यूज नाही, जोड नुसता पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला. टाकीखाली वायरचे वेष्टण घासून तांबे उघडे पडले होते. ते पत्र्याला टेकले असते तर बॅटरीतला सगळा करंट त्या वायरीतून धावला असता, आणि वर पेट्रोलची टाकी! ताई गप्पच झाली. पावसाळ्याआधी बघितले ते बरे झाले.

त्याने केलेले काम सांगतो, घरोघरी दुचाकी आहे म्हणून. बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवा. तो गाडीच्या मूळ वायरिंगला असतोच. पण नवीन वायरीला तिचा वेगळा, छोटा फ्यूज द्यावा. करंट चावीनंतरच्या वायरीतून घ्यावा, म्हणजे चावी काढली की सॉकेट आपोआप बंद. इथे एक मोठा फसवा मामला आहे. घरच्या वायरिंगच्या सवयीने माणूस हिरवी म्हणजे अर्थ हे बरोबर ओळखतो, पण काळी वायर रिकामी किंवा निगेटिव्ह समजतो. होंडाच्या पद्धतीच्या गाड्यांत हिरवी अर्थच, पण काळीतून चावी लावल्यावर करंट येतो. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे. म्हणून रंगावर न जाता टेस्ट लॅम्प लावून बघायचे. एका मोबाईलपुरते एवढे पुरे. मोठे काही चालवायचे असेल तर मध्ये रिले लागतो, नाहीतर चावीचे कुलूपच जळते.

सॉकेट हँडलखाली, तोंड जमिनीकडे करून, रबरी झाकणासह बसवले. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पाहिले आणि मानेपाशी वायर थोडी सैल ठेवली. ताणलेली वायर वर्षभरात तुटते.

मग त्याने अंगणातच हिशेब मांडला. "ताई, तुझ्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, अडीच अँपिअर-तास. म्हणजे ३० वॅट-तास. तुझा मोबाईल ५००० चा, त्यात १९ वॅट-तास मावतात. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते. म्हणजे गाडी बंद ठेवून एकदा मोबाईल भरलास, तर पाऊण बॅटरी गेली."

"अरे, मग उपयोग काय?"

"गाडी चालू असताना लाव. इंजिन कमावतंय तेवढ्यातून खर्च कर, साठ्याला हात लावू नको."

घरखर्चाची वही ठेवणाऱ्या बाईला हे चटकन पटले. ताशी १० वॅट-तास घेणारा चार्जर घेतला तर तासाभराच्या फेरीत निम्मा मोबाईल भरतो, आणि दिवसभराची सोय होते. तिची जुनी गाडी बॅटरी उतरली तरी किकने चालू होईल, पुढचा दिवाही लागेल. पण हॉर्न वाजणार नाही. धुक्यात, घाटाच्या वळणावर हॉर्न नसणे म्हणजे काय, ते तिकडे राहणाऱ्यालाच ठाऊक. भाच्याच्या नव्या गाडीचे दुखणे याहून मोठे. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल विजेच्या पंपाने येते. बॅटरी पार बसली की त्या बहुधा जागच्या हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिघेही घाटघरला गेलो. कोकणकड्यावरून खाली ठाणे जिल्हा दिसतो. इथेच २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प चालतो. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातले पाणी पंपाने वर चढवायचे, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. भाचा म्हणाला, "मामा, ही डोंगराएवढी बॅटरीच की! हिलाही वर चढवायला जेवढी वीज लागते, त्याहून परत मिळते ती कमीच."

परतताना अंधार पडला आणि भंडारदऱ्याभोवतीच्या झाडांवर काजवे पेटले. या दिवसांत पुण्या-मुंबईहून गाड्यांची रीघ लागते. कित्येक तरुण दुचाकीला पांढरे झगझगीत जादा दिवे लावून येतात. काजव्यांची भाषाच प्रकाशाची; त्या झोतात नर-मादीला एकमेकांची खूण कळत नाही. एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींना दिवा बंद करायचे बटणही नसते, म्हणून आम्ही गाड्या अलीकडेच उभ्या करून पायी गेलो. बॅटरीतली वीज असल्या जादा दिव्यांवर उधळण्यात कसली हौस आहे, मला समजत नाही.

निघताना भाचीने विचारले, "उपकेंद्रातली टॉर्चपण यावरच भरता येईल ना रे?"

"येईल. पण मोबाईल काढल्यावर. दोन्ही एकदम नको."