कोल्हा लपवताना

लपंडावात लपणाऱ्यानं श्वास रोखून गप्प बसायचं असतं. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या ‘फॉक्स हंट’मध्ये नेमकं उलटं असतं. इथे जो लपलाय त्यानं बोललंच पाहिजे. इथला कोल्हा म्हणजे छोटासा ट्रान्समीटर. झुडपात दडून तो थोड्या थोड्या वेळानं आपली हाक हवेत सोडतो आणि हातात अँटेना धरून माणसं त्याच्या मागावर निघतात. शोधणाऱ्यांचं कौतुक होतं, तसं ते व्हायलाच हवं. माझा जीव मात्र भल्या पहाटे जाऊन कोल्हा ठेवून येण्यात जास्त रमतो.

उजाडायच्या सुमारास पुण्याची वेताळ टेकडी चढावी. पाठीवरच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेला ट्रान्समीटर, बॅटरी, वायरचं भेंडोळं आणि सुतळी. गिरिपुष्पाच्या रानातून मोरांचे आवाज येत असतात. अशा वेळी जागा नजरेनं निवडून भागत नाही, लहरीच्या अंगानं विचार करावा लागतो. आम्ही बहुधा दोन मीटरच्या पट्ट्यात खेळतो, म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या दरम्यान. ही लहर टेकडीआड सहज वळत नाही, पण कातळावर आपटून परतते. जुन्या दगडखाणीच्या उभ्या भिंतीसमोर कोल्हा ठेवला, तर दूरवरच्या शोधणाऱ्याला तो भिंतीतूनच बोलतोय असं वाटतं. तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, ओल्या पानांची दाटी, सगळं त्या लहरीशी आपापल्या परीनं वागतं. रोज फिरायला येणाऱ्यांना दिसते त्याहून वेगळीच टेकडी मला त्या पहाटे कळते.

मग वायर. या पट्ट्यासाठी जेमतेम अर्धा मीटर पुरते, लहरीच्या लांबीच्या पाव भागाच्या हिशेबानं. ती फांदीवरून उभी सोडायची की आडवी ताणायची, यावरही खेळ फिरतो. वायर आडवी आणि शोधणाऱ्याची अँटेना उभी असेल, तर जवळचा कोल्हाही लांबचा भासतो. गाठ मारून झाली की दहा पावलं मागं सरकून मी हँडसेट लावतो. कोल्ह्याचं कॉलसाइन, म्हणजे त्याची ओळखखूण, स्पष्ट ऐकू येतं. झाडाचं एक पानही हललेलं नसतं आणि तरी त्या फांदीवरून अख्ख्या टेकडीला हाक जात असते. या क्षणी मला दर वेळी नव्यानं आनंद होतो.

थोड्या वेळानं मंडळी येतात. पीव्हीसी पाइपवर पोलादी मेजटेपचे तुकडे बसवून घरीच केलेली यागी अँटेना हातात असते. काटेरी झुडपात ती वाकते आणि बाहेर पडताच पुन्हा ताठ होते. एका जागेवरून दिशा घ्यायची, नकाशावर रेघ मारायची, दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ. रेघा छेदतात तिथे धाव. खरी परीक्षा जवळ आल्यावर असते. सिग्नल एवढा जोरकस होतो की सगळ्याच दिशांनी सारखाच ऐकू येतो. मग जाणता माणूस अँटेना काढतो, हँडसेट छातीशी धरतो आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरतो. आवाज जिथे पडतो, तिथे कोल्हा बरोबर त्याच्या पाठीमागे असतो, कारण मध्ये त्याचंच शरीर आड आलेलं असतं.

जागतिक स्पर्धांत हा खेळ पळण्याचाही आहे. पहिली जागतिक स्पर्धा 1980 साली पोलंडमध्ये झाली. जंगलात पाच कोल्हे असतात आणि प्रत्येकजण पाळीपाळीनं एकेक मिनिट मोर्समध्ये बोलतो. पहिल्याच्या खुणेच्या शेवटी एक टिंब, दुसऱ्याच्या दोन, असं पाचव्याच्या पाच टिंबांपर्यंत. ट्रान्समीटरजवळ नारिंगी-पांढरी निशाणी लावलेली असते. जो कानानं तिथवर पोचला, त्याला डोळ्यांनी आणखी छळायचं नाही, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

ट्रान्समीटर लपवणं हा काही कायम खेळच नव्हता. 1942 च्या ऑगस्टअखेर मुंबईत स्वातंत्र्यलढ्यातला गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. 42.34 मीटरवरून, भारतात कुठून तरी बोलत असल्याचं सांगून, उषा मेहता आणि त्यांचे साथीदार सेन्सॉरनं दाबलेल्या बातम्या देशाला ऐकवत होते. मागावर पोलिसांच्या शोधगाड्या होत्या, म्हणून बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलत यंत्र हलवावं लागे. 12 नोव्हेंबरला त्यांना अटक झाली, ती एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. बोललं तर सापडणार हे ठाऊक असूनही ती माणसं रोज बोलत राहिली. आज परवाना खिशात ठेवून निर्धास्तपणे वायर बांधताना त्या धैर्यापुढे मान लवते.

आजही हे कसब नुसतं रविवारपुरतं नाही. विमान कोसळलं तर त्यातला आपत्कालीन बीकन 121.5 मेगाहर्ट्झवर हाक देत राहतो. उपग्रहानं परिसर दाखवला, तरी शेवटच्या टप्प्यात दऱ्याखोऱ्यांत रेघांवर रेघा छेदत माणसालाच तिथवर पोचावं लागतं.

म्हणून कोल्हा लपवणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. जागा अवघड निवडा, पण अप्रामाणिक नको. कड्याच्या टोकाला, कुणाच्या खाजगी आवारात, पाय घसरेल अशा जागी ठेवू नका. बॅटरी पूर्ण भरून न्या, कारण मध्येच मुका झालेला कोल्हा ही शोधणाऱ्याची फसवणूक आहे. आपल्याकडे बाराव्या वर्षापासून हॅमची परीक्षा देता येते. त्या वयाचं पोर दुपारपर्यंत उन्हात भटकून अखेर तुमच्या डब्यावर हात ठेवू शकलं, तरच तुम्ही कोल्हा चांगला लपवला असं समजा.