स्फटिकाचें दंतधावन

दंतधावन दांतांचेंच करावयाचें असतें, अशी सामान्य समजूत आहे. पाणी तपासण्याचा उद्योग करणाऱ्या आम्हां मंडळींस मात्र, ज्यास दांत नाहींत अशा एका उपकरणाचेंही दंतधावन करावें लागतें. आणि तेंही बाजारांतल्या फ्लोराईडच्या टूथपेस्टनें!

हें उपकरण म्हणजे पाण्यांतील फ्लोराईड मोजणारा इलेक्ट्रोड. हातांत सहज मावणाऱ्या कांडीच्या टोकाशीं लँथॅनम फ्लोराईडचा एक लहानसा स्फटिक बसविलेला असतो. फ्रँट व रॉस या अमेरिकन रसायनज्ञांनीं हा शोध १९६६ सालीं प्रसिद्ध केला. स्फटिक मोठा करडा द्वारपाल आहे. फ्लोराईडवांचून इतर बहुतेक आयनांना तो उंबऱ्यावरच अडवितो. हायड्रॉक्साइड तेवढा त्यास चकवूं शकतो. म्हणून नमुन्यांत बफर द्रावण मिसळून पीएच पांच-साडेपांचाच्या आसपास ठेवावा लागतो. लोह व ॲल्युमिनियम यांनीं पकडून ठेवलेलें फ्लोराईडही हेंच द्रावण सोडवितें.

माझ्या टेबलावर येणाऱ्या बाटल्यांपैकीं कांहींवर सिंदेवाही तालुक्यांतील गांवांचीं नांवें असतात. सिंदेवाही म्हटलें कीं धान आठवावें. तेथें धानाचें संशोधन केंद्र आहे. सभोंवार बांध्या, तळीं, आणि पलीकडे जंगल. इतक्या पाण्याच्या मुलुखांत पाण्याची फिकीर कां करावी, असें कोणासही वाटेल. पण तळ्याचें पाणी निराळें व खडकाचें निराळें. खडकांतून झिरपतांना फ्लोराईड पाण्यांत उतरतें, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या भूजलांत तें मर्यादेबाहेर आढळलें आहे. भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें १ मिलिग्रॅम ही मर्यादा. दुसरें पाणीच नसल्यास १.५ पर्यंत चालवून घेतात. प्रमाण वाढलें म्हणजे मुलांच्या येणाऱ्या दांतांवर तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षें अति झाल्यास सांधे आखडतात. ज्या द्रव्याचा अंश दांत राखतो, त्याचाच अतिरेक दांत बिघडवितो.

इलेक्ट्रोडचा स्वभाव मात्र सरळ आहे. फ्लोराईड दसपट झालें कीं २५ अंशांवर त्याचा विद्युद्दाब सुमारें ५९ मिलिव्होल्टांनीं बदलला पाहिजे. हा बदल ५४ च्या खालीं घसरला, किंवा आंकडा स्थिर होण्यास फार वेळ लागूं लागला, कीं समजावें, स्फटिकावर पापुद्रा धरला. मग बोटावर थोडी टूथपेस्ट घेऊन तो हलक्या हातानें मिनिटभर चोळावा, ऊर्ध्वपातित पाण्यानें धुवावा, मऊ कागदानें टिपावा आणि सौम्य फ्लोराईडच्या द्रावणांत कांहीं वेळ उभा ठेवावा. जोर करूं नये. ओरखडा उठला तर तो बुजत नाहीं.

प्रयोगशाळेंत धुण्यापुसण्याचीं कामें हलकीं लेखण्याची चाल आहे. मला ती मुळींच मानवत नाहीं. हिशेबच करून पाहावा: चार मिलिव्होल्टांची चूक झाली, तर १.७ च्या जागीं १.४५ दिसतात, किंवा १.४ च्या जागीं १.६४. पहिल्या चुकीनें बाधक हातपंप सुरूच राहतो. दुसरीनें चालण्याजोगा पंप बंद होतो, आणि बायांना हंडे घेऊन दूरची विहीर गांठावी लागते. मलमाच्या एका ठिपक्यावर एवढें ओझें असतें, हें हंडा वाहणारीस कोण सांगणार?

फ्लोराईड काढण्याचे उपाय आहेत. नागपूरच्या 'नीरी' संस्थेची तुरटी व चुना वापरणारी नलगोंडा पद्धत प्रसिद्धच आहे. परंतु घरोघर पहिला विचार सुचतो तो पाणी उकळण्याचा. उकळल्यानें जंतु मरतात. फ्लोराईड जात नाहीं, उलट पाणी आटून अधिकच दाट होतें. आंकडा मर्यादेबाहेर गेला कीं अहवालाच्या तळाशीं मी हें एक वाक्य ठळक अक्षरांत लिहितों.