चकत्यांची डबी

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत पत्त्यांच्या टेबलावर चांदीची एक उभी, नळकांड्यासारखी डबी असे. आत चांदीच्याच पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या. डावात पैशांऐवजी या चकत्या लावायच्या, उठताना हिशेब करून खरे पैसे द्यायचे-घ्यायचे. आपल्याकडे हे काम चिंचोके करतात.

*

चकती साधारण इंचभर रुंद, म्हणजे त्या काळच्या सहा पेनीच्या चांदीच्या नाण्याएवढीच. खोट्या पैशाला खऱ्या पैशाचाच धातू आणि जवळपास तोच आकार! काटकसरीच्या हिशेबाने हे अगदीच वेडगळ. पण काटकसर दाखवायला कोण बसलंय? पाहुण्याला कळलं पाहिजे, की या घरात चांदी नुसती मोजदादीलाही वापरतात.

*

डबीचा व्यास चकतीच्या मापाचा. अंगावर बऱ्याचदा वेलबुट्टीची जाळी कापलेली, त्यातून आतल्या चकत्यांच्या कडा दिसतात. झाकणावर राजाचा चेहरा. कधी पहिला जेम्स, कधी त्याचा मुलगा चार्ल्स.

*

या चकत्यांच्या बाबतीत एक नाव हमखास निघतं: सायमन द पास. जन्म कोलोनचा, वडील क्रिस्पाइन हेही ताम्रपटावर चित्रं कोरणारे नामांकित कलावंत. 1616 मध्ये हा तरुण लंडनमध्ये होता. अमेरिकेतली मूलनिवासी स्त्री पोकाहॉन्टस, तिचं प्रसिद्ध चित्र त्याच वर्षी त्यानेच कोरलं. राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा त्याने चांदीच्या लंबगोल पत्र्यांवरही केल्या. पुढे तो डेन्मार्कच्या राजाच्या चाकरीत गेला आणि 1647 मध्ये वारला. चकत्या त्याच्या शैलीतल्या आहेत, यावर फारसं दुमत नाही. त्या सगळ्या त्याच्या हातच्या आहेत, असं मात्र म्हणवत नाही.

कारण रेघा पाहाव्यात तर प्रत्येक चकती सुईसारख्या हत्याराने स्वतंत्र कोरल्यासारखी. पण एकाच राजाच्या दोन चकत्या शेजारी ठेवल्या की रेघेला रेघ जुळते. कोरीव कामाचा आभास आणून त्या ठशाने उठवल्या की साच्यात ओतल्या, हा नाणेतज्ज्ञांचा जुना वाद. मला ठशाचा पक्ष पटतो. जुगाऱ्यांसाठी 36-36 चकत्या हाताने कोरत कोण बसेल?

*

संचात इंग्लंडचे राजे-राण्या, मागे त्यांची राजचिन्हं. म्हणजे एका संध्याकाळी एलिझाबेथ हरायची, रिचर्ड जिंकायचा, आणि त्यात राजद्रोह कुणाला दिसत नसे.

*

1642 मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी आपली चांदीची भांडी चार्ल्सच्या टांकसाळीत वितळवायला दिली. मोठमोठ्या सुरया, तबकं गेली. डबीत चांदी ती केवढी. अशा किरकोळ वस्तू त्यामुळेच वाचल्या असाव्यात. 30 जानेवारी 1649 रोजी चार्ल्सचं डोकं उडवलं गेलं. झाकणावर तोच चेहरा असलेली डबी त्या आठवड्यात टेबलावर ठेवायची की कपाटात, हे प्रत्येक घराच्या राजकारणावर ठरलं असणार.

*

मुळात चकती ही जुगाराची नव्हेच. रेघा आखलेल्या पाटावर चकत्या सरकवून युरोपातले व्यापारी शतकानुशतकं बेरजा-वजाबाक्या करत. त्या स्वस्त पितळी चकत्यांचं मोठं उत्पादन न्यूरेंबर्गला होई. कागदावर आकडे मांडून हिशेब करण्याची पद्धत रुळली, तशी हिशेबाची चकती खेळाच्या टेबलावर आली. तिथेही काम मोजायचंच.

*

अठराव्या शतकात चांदी मागे पडत गेली. क्वाड्रिल हा चौघांचा, 40 पत्त्यांचा खेळ जोरात होता. त्यासाठी चीनमधल्या कँटनहून शिंपल्याच्या चकत्या येत. गोल, चौकोनी, मासोळीच्या आकाराच्या, मागणीप्रमाणे घराण्याचं चिन्ह कोरलेल्या. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली (1813) लिडिया हरलेल्या-जिंकलेल्या माशांबद्दल बडबडते, ते मासे अशाच चकत्या. दिसायला फार सुंदर. तरी मला चांदीची डबीच जास्त आवडते, तिच्यातल्या उद्धटपणासाठी.

*

घेणाऱ्यांसाठी. लहान वस्तूंवर लंडनचे सगळे शासकीय छाप बऱ्याचदा नसतात; कारागिराची अक्षरं तेवढी, कधी तीही नाहीत. चकत्या हरवतात आणि विकणारा दुसऱ्या संचातल्या घालून भरती करतो. म्हणून आधी एक चकती डबीत सोडून पाहावी. खुळखुळली किंवा अडकली तर सावध. मग राजे मोजावेत. तोच राजा दोनदा निघाला तर संच जोडून केलेला असण्याची शक्यता आहे. फक्त हेन्रींच्या बाबतीत घाई नको, त्या गादीवर ते आठ होऊन गेलेत.