न छापलेली बातमी

माझ्या टेबलाच्या मधल्या खणात एक निळी फाईल आहे. ती नजरेस पडू नये म्हणून मी तिच्यावर कोरे कागद ठेवतो. पण कोरे कागद संपतात, आणि ती पुन्हा वर येते.

काही वर्षांपूर्वी, शेवगावच्या भर उन्हाळ्यात, माझा एक जुना विद्यार्थी ती घेऊन आला. तो एका वर्तमानपत्राचा तालुक्याचा बातमीदार झाला होता. वेतन नाममात्र, खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनाची. फाईलीत पाण्याच्या टँकरच्या खेपांची नोंद होती. कागदावर ज्या दिवशी एका गावी तीन खेपा झाल्या होत्या, त्या दिवशी तो स्वतः तेथे होता. बायका रिकामे हंडे घेऊन रस्त्याकडे पाहत बसल्या होत्या. ‘‘सर, छापावे काय?’’ एवढेच त्याने विचारले.

मनुष्य भित्रा असला म्हणजे त्याची विद्वत्ता फार उपयोगी पडते. मी त्याला १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण सांगितले. टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट ठरली, आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ‘‘सर, हे कागद माहितीच्या अधिकाराखाली मिळालेले आहेत, प्रत्येकावर कचेरीचा शिक्का आहे,’’ तो नम्रपणे म्हणाला. तेव्हा मी शेवटचा आधार घेतला : ‘‘अरे, तुझे लग्न व्हायचे आहे. जरा थांब.’’ तो थांबला. फाईल माझ्याकडेच राहिली.

१८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्यासारखा कोणताही हुकूम त्याच्या आड आला नव्हता. भीतीस मात्र कारण होते, हे मी नाकारीत नाही. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत राजापुरास शशिकांत वारिशे ह्या पत्रकारास, त्यांची बातमी प्रसिद्ध झाली त्याच दिवशी, मोटारीने उडविले. दुसऱ्या दिवशी त्यांचे प्राण गेले. ते वाचून ‘आपला सल्ला योग्यच होता’ असे प्रथम मनात आले, आणि त्या समाधानाचीच मला लाज वाटली. लिहिणारा एकटा सापडतो, कारण आम्ही वाचणारे दाराला कडी घालून बसलेलो असतो.

आमच्या शेजारच्या नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे खेडे आहे. १९१० साली सुरू झालेले ‘दीनमित्र’ साप्ताहिक मुकुंदराव पाटलांनी तेथून १९६७ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, चालविले. शेतकऱ्याला नाडणाऱ्यांविरुद्ध खेड्यातच बसून इतकी वर्षे लिहिणे एकट्या संपादकाच्या धैर्याने साधत नाही. ते पत्र आठवड्यामागून आठवडा घेणारी, वाचणारी माणसेही असली पाहिजेत. त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत. पण त्या पत्राचे स्वातंत्र्य त्यांनीही राखले.

माझा विद्यार्थी आता पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती गोळा करतो. बाजारात भेटला की आदराने नमस्कार करतो, आणि तो नमस्कार मला जड जातो.

मुद्रणाच्या परवान्याविरुद्ध मिल्टनने १६४४ साली लिहिलेला निबंध मी दरवर्षी वर्गात तन्मयतेने समजावून सांगतो. माझ्या विद्यार्थ्याने परवाना मागितला तो सरकारकडे नव्हे, माझ्याकडे. आणि तो मी नाकारला.