मांगी-तुंगीची एक रात्र

नाशिकपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, बागलाण तालुक्यात असलेले मांगी-तुंगी हे सिद्धक्षेत्र आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्व्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. यात्रेकरू पहाटे पायऱ्या चढतात, भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीचे दर्शन घेतात आणि परततात. येथील रात्र मात्र फारसे कोणी पाहत नाही. १४ डिसेंबर २०२३ रोजी नातवासह मी मुद्दाम मुक्काम केला, तो मिथुन राशीतील उल्कावर्षावाची छायाचित्रे घेण्यासाठी.

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. हा मात्र १९८३ साली शोध लागलेल्या फेथॉन या लघुग्रहाच्या कणांचा. सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने ते वातावरणात शिरतात आणि जळून जातात. ऑगस्टमधला प्रसिद्ध वर्षाव आपल्याकडे पावसाळी ढगांआड जातो. डिसेंबरात ती अडचण सहसा नसते. शिवाय अमावास्या नुकतीच झाली होती आणि चंद्राची कोर संध्याकाळीच मावळली.

चौविहार असल्याने अन्नपाणी सूर्यास्तापूर्वीच उरकले. त्या थंडीत चहाची आठवण झाली नाही, असे म्हणणार नाही. विजेरीवर लाल कागद बांधला होता. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत आणि कीटकही त्याकडे कमी ओढले जातात. तीर्थक्षेत्री रात्रभर प्रखर दिवे लावण्यापूर्वी याच दोन गोष्टींचा विचार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उल्का दिसल्यावर बटण दाबून काही हाती लागत नाही. तोवर ती विझलेली असते. म्हणून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला, रुंद कोनाची लेन्स लावली, गुरू ग्रहावर हाताने फोकस साधला आणि वीस-वीस सेकंदांची छायाचित्रे आपोआप निघत राहतील अशी व्यवस्था केली. रोख पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपासून थोडा बाजूला ठेवला, कारण उगमाजवळ रेघा आखूड उमटतात. मग लेन्सवरचे दव पुसण्यापलीकडे काम उरत नाही.

स्थानांगसूत्रात उल्कापात हे अस्वाध्यायाचे एक कारण सांगितले आहे, म्हणून पोथी खोलीतच ठेवली होती. दिगंबर पुराणपरंपरेत भगवान अजितनाथ आणि अनंतनाथ यांना उल्का पाहूनच वैराग्य झाल्याचे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, ती टिकत नाही म्हणून त्यांना वैराग्य आलं, आणि आपण तिला धरून ठेवायला आलो?" मी पुन्हा लेन्स पुसू लागलो.

दहा ते चार या वेळात त्याने वहीत २१४ उल्कांची नोंद केली. कॅमेऱ्यातील हजारभर चौकटींत उमटल्या २६. बँकेत एवढी तफावत निघाली असती, तर कोणाला घरी जाता आले नसते. पण कॅमेऱ्याच्या वाट्याला आकाशाचा एकच तुकडा येतो आणि त्यातल्याही मंद उल्का त्याला गवसत नाहीत. उलट, सर्वांत तेजस्वी रेघ उमटली आहे ती नेमकी तुंगीच्या माथ्यावर, आणि ती आम्ही दोघांनीही पाहिलेली नाही. त्या वेळी तो वहीत आकडा लिहीत होता आणि मी त्याला उजेड धरला होता.

उजाडताच तिपाई गाडीत ठेवली आणि वंदनेसाठी पायऱ्या चढू लागलो.